दोन पाडव्यांच्या मधली गोष्ट : निर्बंध उठले, पण घरातले कधी उठले?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, किंवा सेव्ह करून रात्री वाचा.

परवा, २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध उठले. मास्कसुद्धा ऐच्छिक झाला. सकाळी गुढी उभारताना सहज लक्षात आलं की देशभराचं लॉकडाऊन सुरू झालं तो दिवसही पाडव्याचाच होता, २५ मार्च २०२०. त्या वर्षी आमच्या गुढीला कडुलिंबाचा डहाळा होता, पण साखरेची गाठी नव्हती, कारण आदल्या रात्री आठ वाजताच्या भाषणानंतर वाण्याकडे जी झुंबड उडाली त्यात गाठी कुणाला सुचणार? आईने चमचाभर साखर वाटीत ठेवली आणि म्हणाली, "देवाला कळतं सगळं." म्हणजे पाडव्याला सुरू झालं आणि पाडव्याला संपलं. कागदावर किती नीटनेटकं दिसतं!

पण परवा संध्याकाळी मी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक साधा प्रश्न टाकला : "तुमच्या घरातलं लॉकडाऊन नक्की कधी संपलं?" नऊ जणांनी उत्तरं दिली आणि नऊ उत्तरं वेगळी. भावाने लिहिलं, पहिल्यांदा कटिंग केली त्या दिवशी. वहिनीने लिहिलं, मुलगा शाळेत गेला त्या दिवशी. एक काका म्हणाले, बागेतला कट्टा पुन्हा भरला तेव्हा. मामेबहीण नर्स आहे, तिने लिहिलं, "घरात आल्यावर आधी आंघोळ न करता लेकीला उचललं त्या दिवशी." आणि वाईच्या आत्तेभावाने रात्री साडेअकराला एवढंच लिहिलं, "आमचं अजून संपलं नाही."

त्याचं उत्तर वाचल्यापासून ही पोस्ट डोक्यात आहे. साथीच्या इतिहासात बंदीच्या तारखा पक्क्या असतात. कोणता कायदा कधी आला, कोणता हुकूम कधी निघाला, हे सगळं सापडतं. बंदी सैल होताना घराघरात काय झालं, याची नोंद मात्र कुणीच ठेवत नाही. आपल्या पुण्याच्या बाबतीत तर ही नोंद नसल्याची किंमत एकदा मोजून झालेली आहे. त्याकडे येतोच. आधी आपलंच ताजं आठवू, कारण दोन वर्षांतच आपण निम्मं विसरलोय.

जून २०२० : तो 'पुनश्च हरिओम'

३१ मे २०२० ला राज्याने 'मिशन बिगिन अगेन' जाहीर केलं. नियम टप्प्याटप्प्याने आले. ३ जूनपासून सकाळी फिरायला, पळायला, सायकलला परवानगी. प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांना कामाची मुभा. ५ जूनपासून दुकानं, पण एका दिवशी रस्त्याच्या एका बाजूची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूची. ८ जूनपासून खासगी ऑफिसं, दहा टक्के माणसांवर. रात्री नऊ ते पहाटे पाच संचारबंदी कायम.

आता ते वाचून हसू येतं, पण तेव्हा आपण हे नियम अभंगासारखे पाठ केले होते. कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूम बंद आणि घेतलेला कपडा बदलून मिळणार नाही. माझ्या बहिणीने त्या महिन्यात घेतलेला कुर्ता अजून कपाटात आहे, तो तिला कधीच बसला नाही. स्कूटरवर एकाच माणसाने बसायचं. म्हणजे घरात एकाच छपराखाली राहणारे नवरा-बायको चौकात आले की बायकोने उतरून चालत जायचं आणि चौक ओलांडला की परत बसायचं! हा प्रकार मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. आणि हो, केलाही आहे.

२८ जूनला सलून उघडली. पण फक्त केस कापायचे, दाढी नाही. आमचा न्हावी चेहऱ्यावर काचेसारखा मास्क लावून बसला होता आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा कागदी टॉवेल. तीन महिने त्याचं घर कसं चाललं हे त्याने विचारल्याशिवाय सांगितलं नाही. विचारल्यावर म्हणाला, "भावजींनी तांदूळ दिला." खुर्चीत बसलेल्या आम्हा चौघांपैकी तिघांनी बायकोकडून किंवा स्वतःच घरी केस कापून घेतले होते आणि चौघांनाही त्याची लाज वाटत होती.

मधल्या पेठांत परिस्थिती वेगळी होती. बाकी शहर हळूहळू उघडत होतं तेव्हा तिथल्या कितीतरी गल्ल्या पत्रे आणि बांबू ठोकून बंद होत्या. एकाच शहरात एका भागात लोक पहाटे पळायला जात होते आणि दोन किलोमीटरवर दुसऱ्या भागात दूध पत्र्याच्या वरून हातात दिलं जात होतं. 'निर्बंध सैल झाले' हे वाक्य तेव्हासुद्धा सगळ्यांसाठी खरं नव्हतं.

वारीचं आठवतं ना? त्या वर्षी पालख्यांचं प्रस्थान झालं, पण पायी वारी नाही. पादुका देवळातच राहिल्या आणि ३० जूनला, दशमीला, एसटीने पंढरपूरला गेल्या. पुण्यात पालखी मुक्कामाला नाही असा आषाढ आमच्या घरातल्या कुणीही पाहिला नव्हता. दरवर्षी आमच्याकडे वारकऱ्यांसाठी पोळ्या लाटल्या जातात. त्या वर्षी आईने त्याच दिवशी तेवढीच कणीक काढली, मग परातीकडे बघत बसली, आणि अर्धी परत डब्यात टाकली.

आणि मग १४ जुलैला पुण्यात पुन्हा दहा दिवस कडक टाळेबंदी. म्हणजे सैल झालेला दोर परत आवळला. पुढे २ सप्टेंबरला ई-पास गेला, ५ ऑक्टोबरला हॉटेलं उघडली, १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, देवळं उघडली. तेव्हा वाटलं, झालं. २०२१ च्या एप्रिलमध्ये काय झालं ते कुणाला सांगायची गरज नाही. त्यानंतर ७ जून २०२१ पासून पुन्हा पाच पातळ्यांची मोकळीक. म्हणजे मोकळीक एकदा नाही, निदान तीनदा आली. दर वेळी आपण थोडे कमी आनंदलो. हे माझं निरीक्षण आहे, तुमचं वेगळं असेल तर सांगा.

आता मागे जाऊ : पुणे, १८९७

पुण्याच्या प्लेगचा इतिहास आपल्याला एका प्रसंगापुरता माहीत असतो : रँड, चापेकर बंधू, गणेशखिंड. शाळेत तेवढंच येतं. पण त्या वर्षाची तारीखवार मांडणी केली तर एक गोष्ट दिसते, जी मला तरी दोन वर्षांपूर्वीपर्यंत कधी दिसली नव्हती.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सव्वाआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या मुंबईतून पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मी माणसं बाहेर पडली. कोकणात, देशावर, जिथे गाव असेल तिथे. २०२० च्या मे महिन्यात हायवेवरून चालत निघालेली माणसं बघताना ज्यांना हे माहीत होतं, त्यांना ते चित्र नवीन नव्हतं. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. हाच तो कायदा. २०२० च्या मार्चमध्ये आपल्या राज्याने जी नियमावली काढली, ती याच सव्वाशे वर्षं जुन्या कायद्याखाली.

पुण्यात त्याच फेब्रुवारीत साताऱ्याहून आलेला सनदी अधिकारी वॉल्टर रँड प्लेग समितीचा प्रमुख झाला. १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या डॉ. यशवंतच्या दवाखान्यात पोचल्या होत्या आणि तोच प्लेग त्यांना झाला. त्यानंतर काही दिवसांतच गोऱ्या सैनिकांच्या तुकड्यांनी घरझडत्या सुरू केल्या. आजारी माणूस शोधायचा आणि इस्पितळात न्यायचा, त्याच्या घरच्यांना वेगळ्या छावणीत. घरातलं सामान बाहेर काढून काही जाळायचं, जमीन खणायची, भिंतींना चुना मारायचा. बूट घालून सोवळ्याच्या स्वयंपाकघरात आणि देवघरात जायचं. बायकांची तपासणी हा तर सगळ्यांत जळता विषय होता.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, साथ ओसरल्यावर, ही मोहीम थांबली. म्हणजे आजच्या भाषेत, पुणे 'अनलॉक' झालं.

आणि रँडवर गोळी झाडली गेली ती २२ जूनच्या रात्री. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटपून गाड्या परत येत असताना. झडत्या थांबून महिना उलटून गेला होता!

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सक्ती चालू असताना घर एकच गोष्ट करत असतं : आजचा दिवस काढायचा. आजाऱ्याला लपवायचं की दाखवायचं, माळ्यावर कुणाला झोपवायचं, दागिने कुठे ठेवायचे. राग असतो, पण रागाला फुरसत नसते. शिपाई गेले, माणसं गावाबाहेरच्या झोपड्यांतून घरी परतली, दार उघडलं. आत खणलेली जमीन, फिस्कटलेला चुना, गायब झालेली भांडी. आणि जी माणसं परत आलीच नाहीत त्यांच्या रिकाम्या जागा. हिशोब मांडायला बसतात ती माणसं तेव्हा. रँडच्या खुनामागे चापेकरांची स्वतःची राजकीय धारणा होती, ती मी नाकारत नाही. पण जून महिन्यातल्या पुण्याची मनःस्थिती समजून घ्यायची तर मार्चपेक्षा ही मे-जूनची घरवापसी समजून घ्यावी लागेल. आणि नेमकं त्याबद्दल आपल्याकडे फारच थोडं लिहिलेलं आहे.

ही नोंद नसल्याची किंमत मोजली ती गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. ते त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथे सैनिकांकडून स्त्रियांवर अत्याचार झाल्याचे आरोप जाहीरपणे मांडले. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. तेव्हा नाव-गाव देऊन पुढे यायला कुणी तयार झालं नाही. कोण होईल? ज्या घरात असं काही झालं असेल त्या घराने ते उंबऱ्याच्या आतच पुरलं असणार. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली आणि पुढे कितीतरी वर्षं ती माफी त्यांच्या नावाला चिकटून राहिली. पंडिता रमाबाईंनीही त्याच वर्षी पुण्यातल्या प्लेग व्यवस्थेबद्दल वर्तमानपत्रातून तक्रार केली होती. तरीही आज आपण ठामपणे सांगू शकत नाही की कोणत्या घरात नक्की काय घडलं. राज्यकर्त्यांचे अहवाल शिल्लक राहिले. घरांचे राहिले नाहीत.

आणखी एक गोष्ट. त्या वर्षी पुणं सुटलं असं वाटत असतानाच पावसाळ्याच्या सुमाराला प्लेग परत आला, आणि जास्त जोराने आला. पुढची कितीतरी वर्षं येतच राहिला. पण सरकारचा हात हळूहळू बदलला. मार्च १८९८ मध्ये मुंबईत प्लेगच्या तपासणीवरून दंगल झाली, त्यानंतर सक्ती कमी होत गेली. जातीजमातींची स्वतःची इस्पितळं, घरच्या घरी वेगळं ठेवण्याची मुभा, लस घ्यायची तर स्वखुशीने, असा तो बदल होता. आणि लोकांनीही आपली पद्धत बसवली. उंदीर मरून पडायला लागले की गाव उठून माळावर, शेतात झोपड्या घालून राहायचं. तुमच्या घरात नव्वदीच्या पुढचं कुणी असेल तर विचारून बघा, 'प्लेगात गाव बाहेर पडलं होतं' हे वाक्य त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलेलं असेल.

गंमत, म्हणजे खरं तर दुःखाची गंमत, अशी की १८९७ ला जमिनी खणणाऱ्यांना प्लेग पसरतो कसा हेच नीट माहीत नव्हतं. उंदीर आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा हे कारण पुढच्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं, आणि सगळ्यांनी ते मान्य करायला आणखी बरीच वर्षं गेली. तोवर चुना आणि कार्बोलिकचा मारा चालू होता. आपण कुठे वेगळे होतो? एप्रिल-मे-जून २०२० मध्ये आमच्या घरी कोथिंबीर मिठाच्या पाण्यात, दुधाच्या पिशव्या साबणाच्या पाण्यात, आणि नोटांना इस्त्री! विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो हे सगळ्यांनी नीट मान्य करेपर्यंत आपण खिडक्या लावून भाज्या धूत बसलो होतो. मी हसण्यासाठी सांगत नाही. घाबरलेला माणूस जे हाताशी येईल ते करतो, तेव्हाही आणि आत्ताही. फरक एवढाच की तेव्हा चुना दुसऱ्याने मारला, आता आपणच मारला.

१९१८ : जिचा शेवट कुणालाच आठवत नाही

प्लेगनंतरची मोठी साथ १९१८ च्या इन्फ्लुएंझाची. आपल्याकडे तिला 'मानमोडी' म्हणत. जूनमध्ये मुंबईत आली, सप्टेंबर-ऑक्टोबरात तिने कहर केला. देशात एक कोटीच्या वर माणसं गेली. जनगणनेच्या इतिहासात १९११ ते १९२१ हे एकच दशक असं आहे ज्यात देशाची लोकसंख्या कमी झाली.

एवढी मोठी साथ, पण तिच्या आठवणी प्लेगच्या मानाने किती कमी! माझ्या मते एक कारण असं असावं : तिच्यात घरझडती नव्हती, छावणी नव्हती, शिपाई नव्हता. महायुद्धात गुंतलेलं सरकार बाजूला होतं आणि ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था औषधं आणि दूध घेऊन मुंबईच्या चाळींतून फिरत होत्या. ज्या साथीत रागवायला समोर माणूस नसतो, ती साथ बहुधा दुःख म्हणून घरात राहते आणि दोन पिढ्यांत विरून जाते. आमच्या पणजोबांचे दोन भाऊ एकाच आठवड्यात 'तापाने' गेले, एवढंच आमच्याकडे सांगतात. साल जुळवून बघितलं तर १९१८. ते दोघे कोण होते, काय करायचे, त्यांच्या बायकांचं पुढे काय झालं? कुणालाच माहीत नाही.

आता माझ्या घरातलं

हे सगळं सांगून स्वतःचं लपवलं तर ही पोस्ट लिहिण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे अकरा वर्षं एक मावशी कामाला येत होत्या. धुणं, भांडी, फरशी. मार्च २०२० ला त्यांचं येणं थांबलं. एप्रिलचा पगार पूर्ण दिला, मेचा निम्मा. निम्मा का, याचं आज माझ्याकडे उत्तर नाही. आमचा पगार त्या महिन्यात पूर्ण आला होता.

जूनमध्ये सरकारने बऱ्याच गोष्टींना मोकळीक दिली. घरकामाला येणाऱ्या बायकांना सोसायट्यांनी परस्पर बंदी घालू नये, असं प्रशासनाला तेव्हा जागोजागी सांगावं लागलं होतं, हे तुम्हाला आठवत असेल. आमच्या सोसायटीने तरीही बंदी चालू ठेवली. गच्चीवर मीटिंग झाली, सगळे एकमेकांपासून सहा फुटांवर. ठराव असा : "बाहेरून येणारे कामगार पुढील सूचनेपर्यंत नकोत." त्याच मीटिंगमध्ये सकाळी वॉकला जाणाऱ्यांसाठी गेट पाच वाजता उघडायचंही ठरलं. म्हणजे आम्ही बाहेर जाऊन आत येऊ शकत होतो, त्या येऊ शकत नव्हत्या. मीही हात वर केला. नंतर वाटलं वगैरे काही नाही, त्या वेळी मला ते बरोबर वाटलं होतं.

जूनच्या शेवटी मावशी गेटवर आल्या. पैसे संपले होते. मुलगा रंगकामाला जायचा, तेही बंद. मी खाली गेलो, पाकीट स्टुलावर ठेवलं आणि चार पावलं मागे आलो. त्यांनी पाकीट उचललं, उघडून बघितलंही नाही. मास्कच्या वरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "दादा, भाजी धुवून घेता ना तुम्ही? मग मला बी धुवून घ्या की."

त्या हसल्या. मीही हसलो. वर आलो आणि हात धुतले.

ऑगस्टमध्ये त्या परत आल्या. तोपर्यंत सोसायटीत दोन घरांत कोरोना येऊन गेला होता आणि तो मावशींनी आणलेला नव्हता. परत आल्या त्या दिवशी आईने त्यांना खुर्ची दिली. अकरा वर्षांत त्या आमच्याकडे खुर्चीवर कधी बसल्या नव्हत्या, जमिनीवरच बसायच्या. आता अंतर ठेवायचं म्हणून खुर्ची! त्या दिवसापासून त्या चहा खुर्चीवर बसून पितात. हा बदल आमच्या मोठेपणाने झालेला नाही, हे नोंदवून ठेवतो.

१८९७ बद्दल वाचताना आपण नेहमी ज्यांच्या घरात शिपाई घुसले त्यांच्या बाजूने वाचतो. मावशींच्या त्या वाक्यानंतर मला पहिल्यांदा वाटलं की त्याही वर्षी वाड्यात पाणी भरणारी, शेण सारवणारी, धुणं धुणारी माणसं असतीलच. वाडेवाले बाहेर बागेत, नातेवाइकांकडे निघून गेले तेव्हा ती कुठे गेली? वाडा परत उघडला तेव्हा त्यांना कामावर परत घेतलं का? खणलेली जमीन परत सारवली कुणी? तो चुना खरवडला कुणी?

आणि वाईचा आत्तेभाऊ. त्याची आई, म्हणजे माझी मोठी आत्या, जून २०२० मध्ये गेली. कोरोनाने नव्हे, हृदयाने, एक्याऐंशीव्या वर्षी. जिल्हा ओलांडायला पास लागायचा. मी अर्ज केला. पास आला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तोवर सगळं झालं होतं. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा. आमच्या आत्याच्या अंत्ययात्रेला अर्धं गाव आलं असतं, तिने अर्ध्या गावातल्या बाळंतिणींना लाडू करून घातले होते. आम्ही पुण्यात मोबाईल फळीवर टेकवून ठेवला आणि बघितलं. नेटवर्क जात होतं. मधेच चित्र थांबलं ते भावाच्या हातात मडकं असताना.

नोव्हेंबरमध्ये, सगळं उघडल्यावर, आम्ही वाईला गेलो. भावाने चहा केला. आम्ही कोरोनाबद्दल बोललो, ऊसाबद्दल बोललो, शाळेबद्दल बोललो. फळीवर आत्याचा चष्मा होता. पाच महिने होऊन गेल्यावर रडायचं कसं, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. दहाव्याला जे व्हायला हवं होतं ते चहाच्या कपावर होईना. जेवून निघालो. "आमचं अजून संपलं नाही," असं तो परवा म्हणाला, त्याचा अर्थ मला तरी हाच लागला.

मग काय करायचं?

सरकारने काय करायला हवं यावर मी भरपूर लिहू शकतो, इथे लिहितोही. आज एकच गोष्ट मागतोय आणि ती आपल्याच हातात आहे.

या महिन्यात एखाद्या रविवारी एक वही घ्या. मोबाईलमध्ये नको, मोबाईल बदलतो. घरातल्या प्रत्येकाला विचारा : तुझं कधी सुटलं? लहान मुलांनाही विचारा. २०२० च्या जूनमध्ये पहिलीत गेलेल्या शहरातल्या मुलाने शाळेचा वर्ग आतून बघितला तो दुसरीत असताना, डिसेंबर २०२१ मध्ये. त्याला काय आठवतं ते आत्ता लिहिलं नाही तर दहा वर्षांनी तो आपल्याकडून ऐकलेलंच सांगेल. कुणाचा पगार थांबला, कुणाचा आपण थांबवला, हेही लिहा. तारीख आठवत नसेल तर 'पहिल्या पावसानंतर', 'गणपतीच्या आधी' असं लिहा. घरातले जे गेले आणि ज्यांना नीट निरोप देता आला नाही, त्यांचं नाव आणि त्यांच्याबद्दलच्या चार ओळी लिहा. कोण होते, काय करायचे, काय आवडायचं. पणजोबांच्या त्या दोन भावांसारखं त्यांचं होऊ नये.

मी आमच्या वहीची पहिली नोंद मावशींना विचारून केली. त्यांना विचारलं, "मावशी, तुमचं लॉकडाऊन कधी संपलं?" त्या भांडी घासत होत्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वाण्याची उधारी फिटली तवा. औंदाच्या संक्रांतीला."

म्हणजे जानेवारी २०२२. लिहून ठेवलं आहे.

पुढच्या रविवारी वाईला जातोय. या वेळी आत्याच्या हातच्या लाडवांबद्दल बोलायचं ठरवलंय, चहाच्या आधीच.

तुमच्या घरातलं कधी संपलं? कमेंटमध्ये लिहा. सगळ्या वाचतो. आणि इथे लिहिण्यासारखं नसेल तर वहीत लिहा, पण लिहा.